राजाचे पाय आणि राणीचं नाक

राजेंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून आठ महिने झाले होते. राहून म्हणजे विसरून नव्हे. पत्र कुजबुजरावांच्या टेबलाच्या खणात, शब्दकोशाखाली, सपाट पडलेलं होतं, आणि शब्दकोश काढायला खण उघडला की आधी तेच त्यांच्याकडे बघायचं. उत्तर लिहायला ते कितीदा तरी बसले. 'प्रिय' लिहायचे, मग 'प्रिय' म्हणजे फारच सलगी झाली असं वाटून खोडायचे. 'सप्रेम नमस्कार' लिहायचे, तर ते एकदम परक्याला लिहिल्यासारखं वाटायचं. असं करता करता मजकुरावर येण्याआधीच कागदाची दोन्ही अंगं भरायची.

पत्रातला प्रश्न मात्र एका ओळीचा होता. 'कुजबुज, खरं सांग, त्या प्रयोगाला तू झोपला होतास का?'

प्रयोग होता चौतीस वर्षांपूर्वीचा. हौशी नाटक मंडळात राजे कायम राजाचं काम करत, कारण मंडळाकडे मुकुट एकच होता आणि तो त्यांच्याच डोक्यावर बसायचा. कुजबुजराव दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि संध्याकाळी विंगेत वही घेऊन उभे राहायचे. नट अडखळला की पुढची ओळ हळूच सांगायची, एवढंच त्यांचं काम. मुळात त्यांचा आवाज दोन हातांपलीकडे जात नसे. हा दोष जिथे गुण ठरतो अशी जगात एकच जागा होती आणि ती त्यांना सापडली होती. कुजबुज हे नाव तिथलंच. पुढे केस गेले आणि त्या जागी 'राव' आला.

तर स्पर्धेच्या शेवटच्या प्रयोगात, शेवटच्या अंकात, राजाने राणीला शिक्षा सुनावायची होती. राजे उभे राहिले, हात वर केला आणि त्यांना आठवेना. राणीला क्षमा करायची की सुळावर द्यायचं, इथूनच आठवेना. त्यांनी विंगेकडे पाहिलं. विंगेतून काहीच आलं नाही. चाळीस सेकंद राजे तसेच उभे होते. मग त्यांनी हात खाली घेतला, मान हलवली आणि निघून गेले. ती क्षमा होती की सूळ, हे ज्याने त्याने आपापल्या परीने समजून घेतलं. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. परीक्षकांनी 'त्या बोलक्या मौनासाठी' पहिलं बक्षीस दिलं. त्या मौनाच्या जोरावर राजे पुढे मोठे नट झाले, दुसऱ्या शहरात गेले, तिथेच राहिले.

आता मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं. पत्रात राजेंनी लिहिलं होतं, 'सभेत मी सगळं खरं सांगून टाकणार आहे. मी मौन धरलं नव्हतं, मी अडकलो होतो. पण तू का बोलला नाहीस हे कळल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. झोपला असशील तर तसं लिही. मी रागावणार नाही. फक्त सभेत सांगेन.' राजेंना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नसे, आणि कुजबुजरावांचं बोलणं तर त्यांना पूर्वीही शेजारी उभं राहूनच ऐकू यायचं. म्हणून पत्र.

अडचण अशी होती की कुजबुजरावांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्या चाळीस सेकंदांचं त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आयुष्यात एकच काम चारचौघांत केलं आणि त्यातही नेमक्या वेळी आपण झोपलो, ही शंका चौतीस वर्षं त्यांच्या पोटात होती.

"झोपलाच असाल," बायको म्हणायची. "उभ्या उभ्या झोपता तुम्ही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेत."

हे बोलायचा तिला हक्क होता. त्या नाटकातली राणी तीच होती.

मग मंडळाच्या सेक्रेटरीला एका ट्रंकेत त्या प्रयोगाची कॅसेट सापडली. एका दुकानदाराने ती जपून चालवली, तिची कॉम्प्युटरवर चालणारी फाइल केली, आणि शेवटच्या टाळ्या वाजत असतानाच फीत तुटली. बायको जाऊन ती फाइल घेऊन आली आणि तिने ती सुनेच्या हवाली केली. सून घरीच मागच्या खोलीत बसून लोकांचे व्हिडिओ एडिट करायची. दुकानांच्या जाहिराती, समारंभ, असलं सगळं.

"बाबा, कुठे बघायचंय नेमकं?" सुनेने विचारलं.

"डावीकडे. पडद्याच्या आत."

"तिथे तर नुसता काळोख आहे."

"हो. मी तिथेच असायचो."

सून हसली. "थांबा. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. हा खालचा आलेख बघा, डोंगरासारखा. डावीकडे चित्रातला सगळा अंधार, उजवीकडे सगळा उजेड. डोंगर डाव्या भिंतीला जाऊन आपटला की अंधारातलं गेलं. उजव्या भिंतीला आपटला की उजेडातलं गेलं."

"म्हणजे समास," कुजबुजराव म्हणाले. "मजकूर समासाबाहेर गेला की कापला जातो."

"अगदी बरोबर! आणि तुमचा मजकूर अजून कागदावर आहे. काठावर आहे, पण आहे." तिने अंधाराची पट्टी हळूहळू वर नेली. काळोखात एक फिकट चौकोन दिसू लागला. त्याच्या वर काहीतरी गोल.

"हा काय, फुटबॉल?"

"ते डोकं असावं," कुजबुजराव संकोचून म्हणाले.

"डोळे उघडे की मिटलेले, एवढंच बघायचं ना? अजून जरा..." तेवढ्यात तिचा फोन वाजला. एका हॉटेलवाल्याला जाहिरातीतलं सूप आणखी लाल हवं होतं आणि तो तिला आत्ता, समोर बसवून सांगणार होता. तिने बॅग उचलली. "बाबा, दोन तासांत येते. मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

"छे, छे," कुजबुजराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

पहिली वीस मिनिटं त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. पण समोर ते गोल डोकं होतं आणि त्याला चेहरा नव्हता. छापखान्यात असा फिका छाप आला की काय करायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. शाई वाढवायची. काळं आणखी काळं झालं की पांढरं आपोआप उठून दिसतं. बाजूला फिल्टरांची एक रांग होती: 'उबदार', 'जुनी आठवण', 'भव्य'. भव्यच्या छोट्या नमुन्यात काळं अगदी शाईसारखं काळं होतं. त्यांनी त्यावर टिचकी मारली. खाली जोर किती हवा ते विचारणारी पट्टी आली. अर्धवट काम त्यांना कधीच आवडलं नव्हतं. त्यांनी ती शंभरावर नेली.

चित्र असं काही झळाळलं की ते खुर्चीत मागे सरकले. मुकुट चमकत होता, तलवारीची मूठ लखलखत होती. आपण कशासाठी बसलो होतो हे ते क्षणभर विसरले. त्यांनी सगळी चित्रफीत त्याच रंगात नव्याने साठवली. ते कसं करायचं हे सुनेच्या मागे उभं राहून त्यांनी अनेकदा पाहिलं होतं.

आता पडद्यावर एकाच नाटकाच्या दोन फायली झाल्या. जुनी आणि सुधारलेली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत कुजबुजरावांनी एक नियम कधी मोडला नव्हता: सुधारलेलं मुद्रित हाती आलं की जुनं तिथल्या तिथे फाडायचं. नाहीतर खिळे जुळवणारा जुळारी नेमकं जुनं उचलतो आणि सगळ्या चुका परत छापून येतात. त्यांनी जुनी फाइल टोपलीत टाकली. टोपली भरलेली ठेवणं त्यांना कधी जमलं नाही, म्हणून तीही रिकामी केली. यंत्राने विचारलं, नक्की? हे विचारणारं आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं म्हणून त्यांना बरं वाटलं. त्यांनी 'हो' म्हटलं.

सेक्रेटरी चार वेळा मागत होता म्हणून नवी फाइल त्याला पाठवूनही दिली. एका दुपारी तीन कामं पुरी झाली असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

सून आली तेव्हा ते दारातच उभे होते. "बघ तरी!" ते म्हणाले.

सून बघत राहिली.

"बाबा, राजाचे पाय कुठे गेले?"

राजेंनी काळी विजार घातली होती आणि मागचा पडदा काळा होता. आता विजार आणि पडदा मिळून कमरेखाली सगळं एकच काळं झालं होतं. मुकुट घातलेला अर्धा राजा जमिनीपासून तीन फूट उंचीवर रंगमंचभर तरंगत होता.

"आणि विंग?"

विंग आता खरोखरच काळी होती. सुनेने अंधाराची पट्टी वर नेली. काळ्याचं राखाडी झालं, आणखी वर नेली तर फिक्कट राखाडी झालं. चौकोन नाही, गोल नाही.

"मघाशी इथे डोकं होतं ना हो?"

"होतं," कुजबुजराव म्हणाले आणि नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी खात्री करून घेतली.

"डोंगर भिंतीवर आपटला बाबा. काळं एकदा सपाट काळं झालं की नंतर कितीही उजळा, आतलं परत येत नाही. असू दे, मूळ फाइलवरून परत करू. मूळ कुठंय?"

कुजबुजरावांनी जुन्या मुद्रितांचा नियम तिला समजावून सांगितला. वाक्याच्या शेवटी शेवटी त्यांचा आवाज एका हातापलीकडेही जात नव्हता.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने पडद्याकडे पाहिलं. पांढऱ्या झग्यावर, प्रखर झोताखाली, एक पांढरा स्वच्छ फुगा होता. फुग्याला दोन भुवया होत्या.

"ही कोण?"

"तू," कुजबुजराव म्हणाले.

"मी? आणि माझं नाक?"

"उजव्या भिंतीवर आपटलं, आई," सून हळूच म्हणाली.

"चौतीस वर्षं ज्या नाकाचं कौतुक ऐकत आले ते नाक यांनी एका दुपारी पुसलं!" बायकोने चहाचा कप सुनेपुढे ठेवला, दुसरा स्वतः घेतला आणि तिसरा तसाच परत नेला.

संध्याकाळी सेक्रेटरीचा फोन आला. "काय इफेक्ट दिलात हो! मी लगेच मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सगळे म्हणताहेत, सत्तेला पाय नसतात हे काय सुंदर दाखवलंय! पत्रिकेवर हेच चित्र छापतोय. फक्त एक विचारायचं होतं, राणीचं काम कोणी केलं होतं? पोशाख छान आहे, पण ओळख पटत नाही."

बायको शेजारीच बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं.

"आणि राजेंचाही निरोप आलाय," सेक्रेटरी पुढे म्हणाला. "म्हणाले, 'गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, पाय काढलेले नाहीत, हे कुजबुजला कळवा. आणि पत्राचं काय झालं तेही विचारा.'"

पुढचे दोन दिवस घरात कुजबुजरावांशी फक्त सून बोलत होती, तेही हॉटेलवाल्याचं सूप लाल करता करता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खण उघडला. आता पुरावा उरला नव्हता; दुकानदारही फाइल दिली की आपल्याकडची पुसून टाकायचा. आपण जागे होतो असं म्हणायला आधार नाही, आणि आधार नसलेली गोष्ट छापायची नाही हा त्यांचा दुसरा नियम होता. उरला एकच पर्याय. त्यांनी कागद घेतला, मायना तसाच मोकळा ठेवला आणि थेट मजकुराला हात घातला. 'राजे, होय, मी झोपलो होतो. सभेत तसं सांगायला हरकत नाही. तुमच्या मौनाचं श्रेय तुमचंच आहे, माझी फक्त झोप होती. क्षमा असावी.'

पत्र टेबलावर वाळत ठेवून ते पाकीट शोधायला उठले. परत आले तर बायको पत्र वाचत उभी होती.

"हे पाठवणार?"

"हो."

"खरं आहे हे?"

"माहीत नाही. पण खोटं आहे असंही म्हणवत नाही."

बायको आत गेली. बटणांचा डबा उघडल्याचा, त्यात बोटं खळखळल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक पेनड्राइव्ह होता.

"दुकानातून फाइल कोणी आणली? मी. एक असली की तुम्ही काय कराल याचा नेम नाही, म्हणून त्याच्याकडून दोन करून घेतल्या."

"आणि तीन दिवस बोलली नाहीस?"

"माझं नाक उडवलंत! तीन दिवस तरी भोगा की." तिने पेनड्राइव्ह सुनेच्या हातावर ठेवला. "यांना लांब बसव."

कुजबुजराव दारापाशी, हात पाठीमागे बांधून बसले. सुनेने या वेळी आधी फायलीची आणखी एक प्रत केली, मूळ बाजूला ठेवली. मग झोताचा उजेड थोडा थोडा खाली उतरवला. फुग्यावर आधी सावली आली, मग गाल, मग नाक.

"आलं," बायको म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

मग सुनेने अंधार वर घेतला, पण अगदी दोन बोटं. राजेंना पाय आले. डावीकडे चौकोन आला, म्हणजे वही. वहीच्या वर डोकं, आणि डोक्याला हळूहळू चेहरा.

"डोळे उघडे आहेत!" सून ओरडली.

कुजबुजराव उठून उभे राहिले. "उघडे? बघ नीट. भुवया नसतील ना त्या?"

"चांगले टक्क उघडे आहेत. तोंडसुद्धा उघडं आहे."

"म्हणजे मी ओळ सांगतोय!" त्यांचा आवाज खोलीभर ऐकू गेला. "मी सांगत होतो, त्यांनाच ऐकू आलं नाही! त्यांचे कान तेव्हापासूनच..."

"थांबा, चालवून बघू."

तिने ते चाळीस सेकंद चालवले. राजे हात वर करून उभे होते. विंगेत कुजबुजरावांचं तोंड उघडं होतं. पाच सेकंद, दहा सेकंद, वीस सेकंद. ओठ हलले नाहीत. तोंड नुसतंच उघडं होतं.

"बाबा, तुम्ही वहीत बघत नाही आहात."

"मग कुठे बघतोय?"

सुनेने पडद्यावर बोट ठेवलं. विंगेतल्या डोळ्यांपासून निघून ते राजेंच्या उगारलेल्या हाताखालून सरळ गेलं आणि पांढऱ्या झग्यापाशी थांबलं.

कुजबुजरावांचे कान लाल झाले. एका माणसाची क्षमा की सूळ लोंबकळत ठेवून आपण चाळीस सेकंद नुसते बघत उभे होतो. झोप परवडली असती.

"एक विचारू, आई?" सून म्हणाली. तिचा चेहरा फार साळसूद होता. "राजा तुमच्या समोर उभा आहे. तुमच्या जिवाचा निकाल लागतोय. आणि तुम्ही बघताय कुठे?"

"समोर."

"समोर नाही. डावीकडे. विंगेत."

"उजेड डोळ्यांवर येत होता. म्हणून मान वळवली."

"झोत डावीकडूनच आहे, आई. नाकाची सावली बघा की, उजवीकडच्या गालावर पडलीय. उजेड टाळायचा तर दुसरीकडे वळायला हवं होतं."

बायकोने पडद्याकडे बघितलं. इतक्या खटपटीने परत आलेलं तिचं नाक आता तिच्याच विरुद्ध साक्ष देत होतं.

"मला ओळ माहीत होती," ती शेवटी म्हणाली. "क्षमा होती. राजाच्या कानाशीच उभी होते, सांगता आली असती."

"मग?" कुजबुजरावांनी विचारलं.

"मग काय? सांगितली असती तर अंक संपला असता." ती उठली. "चहा टाकते." आणि आत जाऊन तिने तीन कप मांडले.

सुनेने फिल्टर लावला तो 'उबदार', आणि जोर ठेवला पंचवीस. राजेंचे पाय जमिनीवर राहिले, नाक नाकाच्या जागी राहिलं, आणि विंगेतल्या माणसाचे डोळे कुणीही शेवटच्या रांगेतून पाहिले असते तरी उघडेच दिसले असते.

जुना कबुलीजबाब कुजबुजरावांनी त्यांच्या नियमाप्रमाणे फाडला. मग नवा कागद घेतला आणि एकही खाडाखोड न करता लिहिलं. 'प्रिय राजे, मी जागा होतो. का बोललो नाही ते सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये नीट दिसतं. सभेत दाखवायला हरकत नाही, हिला विचारलं आहे. उशीर झाला. तुझा, कुजबुज.'

संध्याकाळी दोघं पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेली. पेटीपाशी कुजबुजराव थांबले. पाकीट त्यांनी उजेडाकडे धरलं, उलटसुलट केलं.

"'सोबतच्या' असं लिहिलंय मी. 'सोबत पाठवलेल्या' हवं होतं का? एकदा उघडून..."

बायकोने पाकीट त्यांच्या हातातून घेतलं आणि पेटीत टाकलं. आत कुठेतरी तळाशी ते टपकन पडलं.

"अगं, मला एकदा वाचायचं होतं!"

"मी वाचलंय. खाली दोन ओळी माझ्याही घातल्यात."

"काय घातलंस?"

"सभेत कळेल," बायको म्हणाली आणि घराकडे चालू लागली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच कुजबुजरावांच्या डोळ्यांखालून न जाता मजकूर बाहेर पडला होता. ते एकदा पेटीच्या फटीत डोकावले. आत अंधार होता. मग ते भराभरा पावलं टाकत तिच्या मागे निघाले.